दक्षिण गंगोत्री : बर्फाखाली गेलेलं आपलं पहिलं अंटार्क्टिक केंद्र – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोल शिकवून मी निवृत्त झालो, पण सोलापूर शहरातल्या आणि बार्शी, अक्कलकोट, सांगोला भागातल्या शाळांमध्ये अंटार्क्टिकावर बोलायला अजून जातो. बोलणं पाऊण तासाचं असतं आणि प्रश्न दीड तास चालतात. मुलं विचारतात, शिक्षक विचारतात, कधी दाराशी उभे राहिलेले पालकही विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. क्रम मुद्दाम लावलेला नाही, सभेत प्रश्न साधारण जसे येतात तसेच घेतले आहेत.

दक्षिण गंगोत्री म्हणजे त्र्यंबकेश्वर ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गावात येतो आणि तो चुकीचा म्हणून मी कधी उडवून लावत नाही. गोदावरीला आपण दक्षिण गंगा म्हणतो, पंढरपूरला दक्षिण काशी म्हणतो. तेव्हा दक्षिण गंगेचा उगम तो दक्षिण गंगोत्री, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही.

पण हे नाव आहे भारताने अंटार्क्टिकावर उभारलेल्या पहिल्या संशोधन केंद्राचं. ते अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड या भागात, प्रिन्सेस अ‍ॅस्ट्रिड किनाऱ्यालगत, ७० अंश दक्षिण अक्षांशाच्या थोडं पुढे होतं. सोलापूरहून सरळ रेषेत अंतर काढलं तर साधारण ११ हजार किलोमीटर भरतं. ‘होतं’ म्हणतो, कारण १९९० मध्ये ते बंद झालं आणि आज बर्फाखाली आहे.

मग नाव असं का ठेवलं?

हिमालयातली गंगोत्री हिमनदीच्या मुखापासून जवळ आहे. बर्फातून जीवन देणारं पाणी निघतं ती जागा, असा तिचा आपल्या मनातला अर्थ. जगातल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी अंटार्क्टिकाच्या बर्फात साठलेलं आहे. इतक्या मोठ्या साठ्याच्या दाराशी आपण पहिलं घर बांधलं, त्याला याहून चपखल नाव मला तरी सुचत नाही. १९८१ च्या पहिल्या मोहिमेचंच नाव ‘ऑपरेशन गंगोत्री’ असं होतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. सरकारला तिकडे बर्फात जायची काय गरज पडली होती?

मंगळवेढ्याकडच्या एका शाळेत एका शेतकरी पालकाने हे मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिलं कारण पावसाचं. जूनमध्ये आपण ज्याची वाट पाहतो तो मान्सून दक्षिण गोलार्धातून निघतो. मादागास्करच्या पूर्वेला समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा प्रदेश तयार होतो, तिथून वारे विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे वळतात. त्या समुद्राच्याही दक्षिणेला पसरलेला आहे तो अंटार्क्टिकाचा थंडगार पट्टा. आकाश आणि समुद्र यांचं हे सगळं एकाच संसारातलं देणंघेणं आहे. दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला दक्षिणेकडच्या समुद्रात काय चाललंय याच्याशी मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा जास्त कर्तव्य आहे, असं मी त्या पालकांना सांगितलं.

दुसरं कारण हक्काचं. अंटार्क्टिका करारावर १ डिसेंबर १९५९ रोजी १२ देशांनी सह्या केल्या आणि २३ जून १९६१ पासून तो लागू झाला. तिथे लष्करी तळ उभारायचे नाहीत, अणुचाचण्या करायच्या नाहीत, संशोधन सर्वांसाठी खुलं ठेवायचं, ही त्यातली चांगली कलमं. पण निर्णयाच्या बैठकीत मत कुणाला? तर जो देश तिथे भरीव संशोधन करून दाखवील त्याला. भारताने अंटार्क्टिकाचा प्रश्न १९५६ सालीच संयुक्त राष्ट्रांत मांडायचा प्रयत्न केला होता. पण नुसतं भाषण करून तिथे मत मिळत नव्हतं, पाय रोवून उभं राहावं लागत होतं.

आणि चीनमध्ये जाऊन जखमींची सेवा करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या गावात जन्मले त्या सोलापूरला दूरदेशी केलेल्या कामाचं मोल मी वेगळं काय सांगणार?

भारतीय माणूस तिथे पहिल्यांदा पोचला तो १९८२ मध्येच का?

नाही. त्याआधीही काही जण दुसऱ्या देशांच्या मोहिमांबरोबर जाऊन आले होते. डॉ. गिरिराज सिंह सिरोही १९६० च्या सुमारास अमेरिकन मोहिमेबरोबर थेट दक्षिण ध्रुवावर गेले आणि सजीवांच्या शरीरातल्या घड्याळावर प्रयोग करून आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परमजित सिंग सेहरा यांनी सोव्हिएत मोहिमेबरोबर तिथला हिवाळा काढला.

आपली स्वतःची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचं भाड्याचं जहाज, २१ माणसं आणि नेते डॉ. सय्यद झहूर कासिम. कासिम हे समुद्रशास्त्रज्ञ, आधी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. मोहिमेचा फारसा गाजावाजा केलेला नव्हता. ९ जानेवारी १९८२ ला ती तुकडी बर्फावर उतरली, तात्पुरता तळ मांडला आणि २१ फेब्रुवारीला गोव्याला परतली. दुसरी मोहीम भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांच्या नेतृत्वाखाली पुढच्याच हंगामात गेली.

इथे एक गैरसमज दुरुस्त करतो, कारण तो छापील मजकुरातही दिसतो. ‘केंद्र बांधलं म्हणून भारताला करारात मत मिळालं’ असं लिहितात. तारखा पाहा. भारत करारात आला १९ ऑगस्ट १९८३ ला आणि मताचा अधिकार मिळाला १२ सप्टेंबर १९८३ ला. तेव्हा केंद्राची एक फळीही उभी राहिलेली नव्हती. तो मान पहिल्या दोन मोहिमांचा आहे.

मग केंद्र उभं राहिलं कधी?

तिसऱ्या मोहिमेत. डिसेंबर १९८३ मध्ये ‘फिनपोलारिस’ हे जहाज गोव्याहून निघालं. ८१ माणसं होती आणि नेते होते भूभौतिकशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता. केंद्राचे लाकडी भाग आधीच तयार करून नेलेले होते. तिथे ते उतरवायचे आणि जोडायचे. बांधणीचा भार होता आपल्या लष्कराच्या इंजिनिअरांवर.

हाताशी वेळ किती? समुद्र पुन्हा गोठायच्या आत जहाजाला निघायला हवं, म्हणजे जेमतेम दोन महिने. आठ आठवड्यांत काम उरकलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे उजेडाची अडचण नव्हती. अडचण होती वाऱ्याची आणि बधिर होणाऱ्या बोटांची. हातमोजा काढल्याशिवाय बारीक नट बसत नाही आणि हातमोजा काढला की उघडा हात गारठलेल्या लोखंडाला चिकटतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्यावर हात भाजतो, तिथे थंडीने भाजतो. फेब्रुवारी १९८४ च्या अखेरीस केंद्र राहण्याजोगं झालं.

त्या मोहिमेत बायका होत्या का?

हा प्रश्न मुलीच विचारतात आणि उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त आवडतं.

होत्या. दोघी. डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि डॉ. अदिती पंत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या महिला. सेनगुप्ता या जादवपूर विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञ, शिवाय गिर्यारोहक. तेनसिंग नोर्गे यांच्याकडून गिर्यारोहणाचे धडे घेतलेल्या.

अदिती पंत समुद्रशास्त्रज्ञ. जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची, पुढचं शिक्षण हवाई आणि लंडनला, नोकरी गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी घराण्यातले मुत्सद्दी आप्पासाहेब पंत यांच्या त्या कन्या. आपल्या सांगोल्याला लागून असलेलं आटपाडी हे औंध संस्थानातलंच. म्हणून सांगोल्याच्या मुलींना मी सांगतो, तुमच्या शेजारच्या संस्थानातली लेक १९८३ मध्ये दक्षिणेचा बर्फ तुडवून आली. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या पुन्हा गेल्या. माणूस दिसायलाही अवघड अशा त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती कशी जगते आणि तिच्यावर बाकीची जीवसृष्टी कशी पोसली जाते, हा त्यांच्या अभ्यासाचा प्रांत.

केंद्राच्या आत होतं तरी काय?

इमारतीचे दोन भाग होते. एकात जनरेटर, इंधन आणि दुरुस्तीचं वर्कशॉप. दुसऱ्यात प्रयोगशाळा, रेडिओची खोली, राहण्या-जेवण्याची सोय. छोटा दवाखाना होता. नळ नव्हता. बर्फ वितळवून पाणी करायचं.

हे मुलांना खरं वाटत नाही. चहूकडे पाणीच पाणी, पण गोठलेलं. एक बादली पाणी हवं तर इंधन जाळायचं आणि इंधन तर जहाजातून मोजून आणलेलं. पाणी जपून वापरायची शिस्त आपल्याकडे टंचाईने लावली, तिथे ती बर्फाने लावली.

जहाज परत गेल्यावर तिथे कोण राहिलं?

बारा माणसं. कर्नल सत्य स्वरूप शर्मा त्यांचे प्रमुख. मार्च १९८४ पासून पुढच्या उन्हाळ्यातलं जहाज येईपर्यंत ते बारा जण तिथेच होते. तिथला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी. मधल्या काळात समुद्र गोठलेला. कुणी आजारी पडलं, काही मोडलं, घरी काही बरंवाईट झालं, तरी निघता येत नाही. भारताने अंटार्क्टिकावर काढलेला हा पहिला हिवाळा.

१९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. ते जवळजवळ आठ दिवस वर होते आणि सबंध देशाला ते पाठ आहे, असायलाच हवं. पण त्याच वेळी दुसरे एक शर्मा अकरा सोबत्यांसह पृथ्वीच्या तळाशी बर्फात होते, हे मी ज्या ज्या वर्गात विचारलं तिथे एकही हात वर झाला नाही. हे पान लिहायला बसलो त्याचं खरं कारण ते न उठलेले हात आहेत. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. ज्या पंतप्रधानांच्या आग्रहामुळे हे केंद्र उभं राहिलं त्या गेल्या तेव्हा ही माणसं अजून तिथेच होती.

त्यांचा दिवस कसा जायचा? ठरल्या वेळी हवामानाच्या नोंदी घ्यायच्या, जनरेटर सांभाळायचा, बर्फ उपसायचा, पाणी करायचं, रेडिओवर संपर्क ठेवायचा. मे अखेरपासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. सुमारे दोन महिने. पुष्कळांना वाटतं तिथे सहा महिने रात्र असते, पण तशी सहा महिन्यांची रात्र फक्त ऐन ध्रुवावर. ७० अंशांवर दुपारी थोडा झुंजूमुंजू प्रकाश होतो आणि विझतो.

तिथे पांढरी अस्वलं त्रास देत नव्हती का?

पांढरी अस्वलं उत्तर ध्रुवाकडची. अंटार्क्टिकावर एकही नाही. पेंग्विन आणि सील आहेत, तेही किनाऱ्याजवळ.

अंटार्क्टिका वाळवंट आहे असं पुस्तकात लिहिलंय. मग केंद्र बर्फात गाडलं कसं गेलं?

सातवीच्या एका मुलाने हे विचारलं तेव्हा मी वर्गात उभा राहून टाळी वाजवली होती. खरोखर विसंगती वाटावी अशीच गोष्ट आहे.

अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर वर्षभरात पडणारा बर्फ वितळवला तर ५० मिलिमीटरहूनही कमी पाणी निघतं. आपला सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, तरी इथे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. किनाऱ्याकडे बर्फ जास्त पडतो, हा झाला उत्तराचा एक भाग. पण मुख्य मुद्दे दुसरेच आहेत.

एक, पडलेलं वितळत नाही. आपल्याकडे पडलेलं पाणी वाहून जातं, मुरतं, उडून जातं. तिथे ह्या वर्षीच्या थरावर पुढच्या वर्षीचा थर बसतो. खर्च नाही, नुसती जमा.

दोन, वारा. पडलेला भुसभुशीत बर्फ वारा मैलोन्‌मैल ढकलत नेतो. वाटेत काही आडवं आलं की वाऱ्याचा जोर तुटतो आणि उचलून आणलेला बर्फ आडोशाला खाली बसतो. हे समजायला आपल्या रानात जा. उन्हाळ्यात वावटळी सुटल्या की कडब्याच्या गंजीमागे किंवा बाभळीच्या कुंपणाच्या पलीकडच्या अंगाला मऊ धुळीचा ढीग साठलेला दिसतो. ती माती तिथे पडलेली नसते, आणून टाकलेली असते. आजूबाजूच्या सपाट बर्फावर उभी असलेली एकच गोष्ट म्हणजे आपलं केंद्र. सगळ्या वाऱ्याला थांबायला तेवढीच एक जागा.

तीन, घराची ऊब. आत माणसं राहणार तर आत गरम हवं. ती ऊब भिंतींतून थोडी थोडी झिरपते, लगतचा बर्फ मऊ होतो, पुन्हा गोठतो आणि इमारत असमान खचू लागते. वरचं ओझं तर वाढतच असतं.

आणि चौथी गोष्ट, ती ऐकून वर्ग शांत होतो : दक्षिण गंगोत्री जमिनीवर नव्हतंच. खंडावरचा बर्फ किनारा ओलांडून समुद्रावर पसरतो आणि शेकडो मीटर जाडीचा तो थर पाण्यावर तरंगत राहतो. केंद्र त्या तरंगत्या थरावर होतं. तो थर हळूहळू समुद्राकडे सरकतो आणि कडेला त्याचे तुकडे मोडून हिमनग होतात.

मग चूकच झाली ना? हे आधी कळायला नको होतं?

मला हा शब्द टोचतो. चूक झाली असं मी मानत नाही.

पहिल्यांदा जाताना जहाज जिथे लागतं तिथून जवळ बांधणं हाच शहाणपणा होता. टनावारी सामान, इंधन, पूर्ण इमारत बर्फाच्या भेगा ओलांडत आत डोंगराकडे न्यायची तर वाटेची माहिती हवी, वाहनं हवीत, त्यांना सरावलेली माणसं हवीत. आपल्याकडे १९८३ मध्ये यातलं काय होतं? ते सगळं शिकायलाच एक घर हवं होतं.

आणि आपण एकटेच नव्हतो. ब्रिटनचं हॅली केंद्र १९५६ पासूनचं. त्याच्या पहिल्या चारही इमारती बर्फात गाडल्या गेल्या. पाचवी त्यांनी खांबांवर उचलून बांधली आणि सहावीला तर खांबांखाली घसरपट्ट्या लावल्या, म्हणजे ओढून दुसरीकडे नेता यावी. जवळच्या बर्फातली भेग वाढू लागली म्हणून २०१६-१७ मध्ये ती खरोखरच २३ किलोमीटर आत ओढून नेली. जर्मनीचं नॉयमायर केंद्र १९८१ चं, ते सोडून १९९२ मध्ये दुसरं बांधावं लागलं आणि २००९ मध्ये तिसरं. या तिसऱ्याच्या खाली हायड्रॉलिक जॅक आहेत, बर्फ चढेल तशी इमारत उचलतात. दक्षिण आफ्रिकेने तीन केंद्रं बर्फावर घालवली आणि १९९७ मध्ये चौथं खडकावर नेलं. ज्यांच्या गाठीला आपल्याहून कितीतरी जास्त अनुभव होता त्यांनाही हेच भोगावं लागलं. आपण मात्र एका केंद्रातच धडा घेतला आणि दुसरं थेट खडकावर बांधलं.

भाड्याच्या खोलीत संसार मांडलेल्या माणसाला कुणी ‘घर टिकलं नाही’ म्हणून नावं ठेवत नाही. त्या खोलीत राहून त्याने काय उभं केलं ते पाहतात.

केंद्र नेमकं बंद कधी झालं?

१९८८-८९ पर्यंत बर्फाने ते इतकं वेढलं की तिथे नेहमीचं राहणं सोडावं लागलं. २५ फेब्रुवारी १९९० रोजी ते अधिकृतपणे बंद केलं. पुढे काही काळ त्या जागेचा उपयोग सामान ठेवण्यासाठी आणि वाटेतला मुक्काम म्हणून झाला.

मैत्री म्हणजे तेच का नव्या नावाने?

नाही. मैत्री हे आपलं दुसरं केंद्र आणि जागाही वेगळी. किनाऱ्यापासून आत, शिर्माकर ओअ‍ॅसिस नावाचा बर्फमुक्त खडकाळ टापू आहे, तिथे १९८८-८९ मध्ये ते उभं राहिलं. आजही चालू आहे. खडकावर पोलादी खांब रोवून इमारत वर उचललेली आहे. वारा खालून निघून जातो आणि बर्फ साठत नाही. जवळ गोड्या पाण्याचं तळं आहे, त्याला प्रियदर्शिनी म्हणतात.

शेजारही जुना आहे. काही किलोमीटरवर सोव्हिएत संघाचं १९६१ चं नोवोलाझारेव्स्काया केंद्र. तिथल्याच डॉ. लिओनिद रोगोझोव्ह यांनी एप्रिल १९६१ मध्ये स्वतःच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन स्वतःच केलं. दुसरा डॉक्टर नव्हताच. हिवाळी तुकडीत डॉक्टर निवडताना इतकी कसून तपासणी का करतात ते यावरून समजावं.

तिसरं केंद्र भारती, मार्च २०१२ पासून लार्समन टेकड्यांवर, मैत्रीपासून पूर्वेला सुमारे ३ हजार किलोमीटर. त्याचा सांगाडा १३४ शिपिंग कंटेनर जोडून केला आहे. मैत्रीलाही आता वय झालं आहे. तिच्याजागी ‘मैत्री-२’ बांधण्याचा इरादा भारताने मे २०२४ मध्ये कोचीला झालेल्या अंटार्क्टिका कराराच्या बैठकीत मांडला.

तिथे कुणाचा जीव गेला का?

दक्षिण गंगोत्री बंद व्हायच्या दीड महिना आधी, नवव्या मोहिमेत. ८ जानेवारी १९९० रोजी हम्बोल्ट पर्वतरांगेतल्या डोंगरी तंबूत अपघात होऊन चौघे गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तीन शास्त्रज्ञ आणि नौदलाचा एक संपर्क तंत्रज्ञ. त्या जागेला आता ‘इंडिया पॉइंट’ म्हणतात. तिथे स्मृतिफलक आहे आणि अंटार्क्टिका कराराच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तो ७८ व्या क्रमांकावर नोंदलेला आहे. हा प्रश्न आला की मी उत्तर देऊन थोडा वेळ गप्प राहतो आणि मुलंही राहतात.

तिथल्या पोस्टाचं खरं आहे का?

खरं आहे. केंद्रासोबतच १९८४ मध्ये तिथे टपाल सुरू झालं आणि १९८८ मध्ये ते गोव्याच्या टपाल विभागाला जोडलं गेलं. पत्र लिहायचं, मोहिमेबरोबर पाठवायचं, तिथला शिक्का उमटवून ते परत यायचं. यायला वर्ष लागलं तरी तिकिटं जमवणाऱ्यांनी मोठ्या हौसेने वाट पाहिली. नवी पेठेत माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या संग्रहात असं एक पाकीट मी हातात घेऊन पाहिलं आहे. शिक्क्यावरचं ‘दक्षिण गंगोत्री’ वाचताना हात थरथरला होता. ज्या घरात तो शिक्का मारला ते घर आता कुणालाच दिसत नाही, पण ते पाकीट सोलापुरात आहे.

केंद्र गेल्यावर टपाल मैत्रीला गेलं. एप्रिल २०२४ मध्ये भारती केंद्रावरही टपाल कार्यालय उघडलं आणि त्याला प्रायोगिक पिनकोड दिला एमएच-१७१८. ‘एमएच’ म्हणजे आपला महाराष्ट्र, कारण गोव्याचं टपाल महाराष्ट्र परिमंडळात येतं.

आज तिथे गेलं तर काय दिसेल?

इमारत दिसणार नाही. वर बर्फच बर्फ. पण नाव राहिलं आहे. पहिल्या मोहिमेतल्या सगळ्यांची नावं कोरलेला फलक ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ४४ व्या क्रमांकावर आहे. शिर्माकर टापूजवळच्या एका हिमनदीलाही दक्षिण गंगोत्री म्हणतात. तिचं टोक मागे सरकतंय का, हे भारतीय शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं मोजत आले आहेत आणि २००५ पासून तो भाग संरक्षित आहे.

‘एवढा कचरा आपण तिथे टाकून आलो का?’ असंही एका मुलीने विचारलं. केंद्र बंद झालं तेव्हा पर्यावरणाचे आजचे कडक नियम नव्हते. माद्रिद करार १९९१ चा आणि तो अमलात आला १९९८ मध्ये. त्यानुसार जुनी कामाची ठिकाणं ज्याची त्याने साफ करायची, फक्त काढताना जास्त नुकसान होणार असेल तर सवलत. आता आपलाही २०२२ चा भारतीय अंटार्क्टिका कायदा आहे. पुढचं केंद्र बांधताना ते कसं काढून आणायचं याचाही विचार आधीच करावा लागेल आणि मला हे फार योग्य वाटतं.

सोलापुरी चादर तिथे पुरेल का?

घरात पुरेल, कारण आत उबदार ठेवलेलं असतं. बाहेर नाही. आपली चादर सुती. सूत घाम शोषून धरतं आणि ओलं सूत ऊब देत नाही, उलट ओढून घेतं. तिथे अंगाला लागून घाम बाहेर काढणारं कापड, त्यावर लोकर किंवा पिसांचं भरलेलं, त्यावर वारा न शिरणारं, असे थर घालतात. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. पद्मशाली घरातल्या मुलांना हे मी लवकर समजावू शकतो. उभा-आडवा धागा कसा अडकतो आणि मध्ये पोकळी कशी राहते, हे त्यांनी मागावर पाहिलेलं असतं.

सोलापूरच्या मुलाला-मुलीला तिथे जाता येईल का?

येईल. आणि त्यासाठी शास्त्रज्ञच असायला हवं असं नाही. मोहिमांची व्यवस्था गोव्यात वास्को इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतं. शास्त्रज्ञ जातात तसे डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, वेल्डर, वाहनचालक, आचारीही जातात. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था, नवी मुंबईची भूचुंबकत्व संस्था, हवामान खातं यांची माणसंही असतात. त्यामुळे पदार्थविज्ञान किंवा भूशास्त्र घेऊन शिकणाऱ्यांना ही दारं महाराष्ट्रातूनच उघडतात. निवड झाल्यावर दिल्लीला एम्समध्ये कडक वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औलीला बर्फावर राहण्याचं प्रशिक्षण मिळतं. हल्ली बरेच जण जहाजाऐवजी केप टाउनहून विमानाने जातात. जे पोचायला पहिल्या मोहिमेला महिनाभर लागला ते आता काही तासांत होतं.

आयटीआयच्या मुलांना मी दरवेळी आवर्जून सांगतो : जूनच्या काळोखात जनरेटर बंद पडला तर त्या केंद्रातला सर्वांत महत्त्वाचा माणूस डिझेल मेकॅनिक असतो. भरतीची जाहिरात वास्कोच्या केंद्राच्या संकेतस्थळावर येते. वयाची आणि अनुभवाची अट नीट वाचा आणि अर्ज करा.